अंतोनबाबाचं पान

आये, आज इथे गोव्यात कणसांचं फेस्त, म्हणजे नव्या पिकाचा सण आहे, म्हणून चर्चचं रंगकाम बंद. ओसरीत बसून लिहितोय. सातवीत शाळा सोडली तेव्हाचंच अक्षर आहे, आणि तुला तर तेही वाचता आलं नसतं. तू जाऊन अकरा वर्षं झाली. सुरत, पुणे, आता इथे, एका जागी काय मी टिकलो नाही. तुला अंतोनबाबाच्या मूर्तीबद्दल एक सांगायचं राहिलंय.

सकाळी लोकांनी शेतातली पहिली कणसं कापून आणली. फादरनी पाणी शिंपडून ती वेदीपाशी ठेवली. मग एका म्हातारीनं त्यातली दोन उचलून संत अंतोनीच्या पायाशी नेऊन ठेवली आणि कुणी तिला हटकलं नाही. मी बघत राहिलो. तू टोकावड्याच्या वरच्या अंगाला मिशनच्या बोर्डिंगात भाकऱ्या थापायचीस. माझ्या आधीची दोन पोरं गेली, मी मिशनच्या औषधानं वाचलो, म्हणून तू बाप्तिस्मा घेतलास. प्रार्थनाघरातल्या सगळ्या मूर्तींत तुला हाच एक पसंत. हरवलेलं शोधून देतो म्हणतात, पण तुझं त्याच्याशी काम वेगळं होतं. "यानं पोर कडंवर घेतलाय, याला कळतंय," म्हणायचीस. नवा भात शिजला की पाड्याच्या रीतीनं पहिलं पान अंतोनबाबाला, मग आपल्याला. जुने फादर बघून न बघितल्यासारखं करायचे. ते गेले, नवे आले, आणि त्याच वर्षी तू बाबाच्या पायांना शेंदूर लावलास.

नवे फादर रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. त्यांनी तुला समोर बसवून समजावलं. संतांची पूजा नसते, आपल्यासाठी देवाकडे शब्द टाका एवढंच संतांना म्हणायचं. पूर्वी फादर लोकांकडे पाठ करून लॅटिनमध्ये मिस्सा करायचे, आता तोंड लोकांकडे आणि भाषा लोकांची, मग मधे इतक्या मूर्ती कशाला. तू पदरानं हात पुसत ऐकत होतीस. मग म्हणालीस, "ज्याला शब्द टाकाया सांगायचा, त्याला उपाशी ठेवायचा का, फादर?" ते हसले. दुसऱ्या दिवशी मूर्ती कोठीत गेली. उचलून नेणारा मीच, सोळा वर्षांचा, नुकताच कोठीच्या कामाला लागलेला. बोर्डिंगातली पोरं मला चिडवायची, तुझ्या आयेनं संताचा मारुती केला रे. महिनाभर मी तुझ्याशी धड बोललो नाही. तू त्यानंतर मिस्साला आली नाहीस. त्या साली नवा भात तू खाल्लाच नाहीस, जुनी नाचणी खात राहिलीस.

उन्हाळ्यात तू अंथरूण धरलंस. पोटात पाणी झालं होतं. एका दुपारी म्हणालीस, "एकदा दाव ना रे मला बाबाला. उचलून आण, नायतर मला ने." मी म्हटलं, "मूर्ती फुटली, आये. नेताना हातातून सुटली." तू माझ्याकडे बघितलंस, मग छपराकडे. "तुला लागला नाय ना?" एवढंच विचारलंस. चौथ्या दिवशी गेलीस.

आज इथल्या फादरना मी तुझा तो प्रश्न विचारला, उपाशी ठेवायचा का म्हणून. ते म्हणाले, हे कुणी विचारलं? मी म्हटलं, माझ्या आईनं. म्हणाले, एकदा घेऊन ये तिला. मी म्हटलं, तिला चालवत नाय आता. खोटं अजून माझ्या तोंडात तयारच असतं बघ.

हा कागद कुठे धाडणार. उद्या ब्रश पुसायला होईल. मूर्ती फुटली नव्हती, आये. तांदळाच्या गोणींमागे उभी होती, पायाला तुझा शेंदूर तसाच. कोठीची चावी माझ्याच कमरेला होती. पोरं हसतील म्हणून मी उठलो नाही.