पेरूच्या बागेतला डबा

२२ नोव्हेंबर १९५५, कन्हेरी

निमगावहून एस.टी.ने बारामतीला आले. तिथून सावळारामतात्यांच्या बैलगाडीने इथे. मेथीच्या टोपल्यांमध्ये बसवले होते, उतरले तेव्हा लुगड्याला सगळा मेथीचा वास. बऱ्याच दिवसांनी हसू आले.

घर पेरूच्या बागेत आहे. तिन्ही बाजूंना झाडे, वरच्या अंगाला कालवा. मला पडवीतली खोली दिली आहे. कोनाड्यात माझी तीन पुस्तके आणि ही वही नीट मावली.

काम एकच, तात्यांच्या रतनला सांभाळायचे. ती सहा वर्षांची आहे. गेल्या चैत्रात तिची आई धुणे धुताना कालव्यात गेली. तेव्हापासून पोर दिवसातून चारदा काठावर जाऊन बसते. तात्यांची आई, कुशाबाई, म्हणाल्या की पोरीला पान्याचं भ्याच न्हाय, आन् जिला भ्या न्हाय ती जगायची कशी. मग मला खालपासून वरपर्यंत पाहून म्हणाल्या, वाचनारी बाई हाय म्हनं, वाचून भाकरी फुगती का बघू. माझी भाकरी फुगली. त्यांनी दोन खाल्ल्या.

२५ नोव्हेंबर

रतन फार बोलत नाही. काठावर पाय पाण्यात सोडून बसली की तिचा चेहरा झोपलेल्या लेकरासारखा होतो. इथे का येतेस विचारले, तर म्हणाली, ही आईची जागा हाय, हितं कुनी वरडत न्हाय.

आज कमरेपर्यंत आत उतरली होती. वेणीला धरून ओढली. ती रडली नाही.

पूर्वी एका जुन्या मासिकात वाचले होते. परदेशात कोणी कुत्र्यावर प्रयोग केला. घंटा वाजवायची आणि खायला द्यायचे. पुढे नुसत्या घंटेने त्याच्या तोंडाला पाणी सुटू लागले. खाण्याऐवजी मार दिला तर नुसत्या घंटेने तो अंग चोरणार, हे मी माझ्याच डोक्याने ताडले. ताडले याचा अभिमानही वाटला.

३० नोव्हेंबर

जमले. पेरू पिकले की राखणदार सिद्धू पोपट हाकायला घासलेटचा रिकामा डबा वाजवतो. तसाच एक मी घेतला. दुपारी घरची माणसे लांबच्या वावरात असतात. रतन कालव्याच्या पाऊलवाटेला लागली की मी मागून डबा बडवायचा आणि पोटऱ्यांवर शिपटी मारायची. दोन.

खरे लिहायचे तर दोन नाही. पहिल्या दिवशी सात.

कालपासून शिपटी लागत नाही. डबा उचलला की ती खाली बसते. काठाकडे फिरकत नाही.

संध्याकाळी तात्यांनी हात जोडले. म्हणाले, मावशी, माझं घर राखलंत तुमी, कसं केलंत ते सांगा तरी. पोरीला त्यांनी कधी बोटही लावलेले नाही. मी म्हणाले, गोष्टी सांगितल्या. कुशाबाईंनी मला आपले एक लुगडे दिले. ते मी घेतले.

४ डिसेंबर

सकाळी हंड्यावरचे झाकण माझ्या हातून पडले. रतन उठून पळाली. घरात नाही, गोठ्यात नाही. सापडली काठावर. पाय पाण्यात, दात वाजत होते, आणि चेहरा तोच, झोपलेला.

मग उमगले. मारले ते नेहमी वाटेवर, पेरूंच्या झाडीत. काठावर मी तिला पोचूच दिले नाही, म्हणून काठावर तिला कधी मार बसला नाही. डबा बागेतून येतो. पाण्याशी आई आहे.

म्हणजे मी तिला पाण्याची भीती शिकवली नाही. पाणी सोडून बाकी सगळ्याची शिकवली.

५ डिसेंबर

हे मला ठाऊक होते, ही जास्त लाजेची गोष्ट. ह्यांच्या पाखऱ्या बैलावर ओढ्याच्या वळणावर एकदा भोंगा वाजवत ट्रक आला होता. लागले काही नाही. पण पुढे वळण आले की तो थरथरे. ह्यांनी अंगणात त्याला पेंड चारून, भोंगा वाजवून शांत केले. अंगणात तो गाय झाला. वळणावर गाडी उलटली. मी तिथूनच ह्यांना घरी आणले, चौघांच्या खांद्यावर.

हे डोळ्यांनी पाहिलेल्या बाईने, म्हणजे मीच, लेकराच्या हातापायात तेच वळण घातले.

८ डिसेंबर

उलटे शिकवते आहे. चुलीपाशी डबा बोटाने हळू वाजवायचा आणि तिच्या तळहातावर गुळाचा खडा ठेवायचा. पहिल्या दिवशी तिने परकर ओला केला. आज हात पुढे केला.

१० डिसेंबर

जोरात बडवला. हसली. म्हणाली, मावशी, गूळ.

मला रडू आले. लगेच तिला बागेत नेले. तिथे एक टिचकी मारली, एकच. धावली. परकराचा घोळ हाती आला म्हणून—

भीती गेलेली नाही. ती फक्त चुलीपाशी येत नाही.

१२ डिसेंबर

पेरू पिकले. पोपट फार. तात्या म्हणाले, परवापासून बागेच्या चारी कोपऱ्यांना चार माणसे, चार डबे.

सांगायला हवे. जेवताना तोंड उघडले. तेवढ्यात ते पाहुण्यांना म्हणाले, ह्या मावशींनी पोरगी माणसात आणली. कुशाबाईंनी माझ्या ताटात आपला गूळ वाढला. मी तो खाल्ला.

१३ डिसेंबर, सकाळ

सांगितले नाही. दोनदा तात्या होते त्या गोठ्यापर्यंत गेले आणि परतले.

कोपऱ्यात डबा दिसला की माझेच तळहात ओले होतात. पोटऱ्या दुखतात. मला तर कोणी मारले नाही.

१३ डिसेंबर, दुपार

तोंडाने होणार नाही. तात्यांना वाचता येते. ही वहीच त्यांच्या हाती द्यायची. राखण उद्यापासून, वेळ आहे. रतन इथेच पाटावर बसून गूळ खाते आहे. दार लोटले आहे.

सावळारामतात्या, तुम्ही हे वाचाल तेव्हा—

नको. नीट लिहिते. तात्या, मी गोष्टी सांगितल्या नाहीत. मी तुमच्या लेकीला मारले. बागेत डबा वाजवू देऊ नका, एकही. वाजला तर ती कालव्याकडे धावते. सिद्धूला आजच सांगा. मला घालवून द्या, पण आधी सिद्धूला—

सात हा आकडा खोडणार होते. खोडत नाही. तो तुम्ही—

थवा आला वाटते. केवढा कलकलाट. खालच्या कोपऱ्यात सिद्धू ओरडतो आहे. उद्यापासून म्हणाले होते—

डबा.

दुसरा. चारी बाजूंनी—

रतन, बस, बाळ, हे एवढे लिहून—

पाटावर नुसता गूळ आहे. दार