मौलाली धैर्यशील मोहिते

वारणानगर,
१२ मार्च २०२५

चि. मौलाली यास,
अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक आहे, माझे गुडघे सोडून. पत्र बघून दचकू नकोस. फोनवर तू नुसता हं हं करतोस, म्हणून तिकिटं लावलेली पाकिटं मीच तुझ्या बॅगेत घातली होती. त्यातलं एकही परत आलेलं नाही. तू एम.ए.ला समाजशास्त्र घेतलंस खरं, पण समाजात आत्याही येते हे तुमच्या अभ्यासक्रमात नसावं.

आता मुद्दा. काल तुझा बाप डेअरीतून घरी जाताना वाट वाकडी करून माझ्याकडे आला. धैर्यशील माझा धाकटा भाऊ, त्याचं मौन मला वाचता येतं. चहा निवेपर्यंत बसला आणि मग सांगितलं, की तू नाव बदलतोयस. गॅझेटला अर्ज करणार आणि पदवीवर मौलालीच्या जागी आदर्श लागणार. एवढं बोलून तो उठला. माझ्याकडे बघितलंही नाही.

बावीस वर्षं अंगावर असलेलं नाव एकाएकी कुठे काचायला लागलं? गावात मौलाली, शाळेत मौलाली, कबड्डीच्या मैदानात पोरं मौल्या मौल्या म्हणून ओरडायची, तेव्हा छाती फुगायची तुझी. विद्यापीठाच्या फाटकातून आत गेल्यावर असं काय झालं? मला कारण हवंय, आणि कागदावर हवंय. असंच वाटलं, हे कारण होत नाही. शाळेत इंग्रजी शिकवत होते तोवर या उत्तराला मी कधी अर्धा गुणही दिला नाही.

रागावलेली, तरी तुझीच,
मोनाआत्या


विद्यापीठ वसतिगृह, कोल्हापूर,
२३ मार्च २०२५

ती. आत्तीस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. मी खुशाल आहे. आत्ती लिहिल्यावर तू चिडणार, पण आत्या म्हटलं की शाळेतल्या बाईंना लिहितोय असं वाटतं.

कारण विचारलंस, तर कारण असं एक नाही गं. पहिल्या दिवशी वर्गात सगळ्यांनी नाव-गाव सांगितलं. माझी पाळी आली तेव्हा मागच्या बाकावरची डोकी वर झाली. शुक्रवारी हॉस्टेलची काही पोरं नमाजाला बोलवायला आली. मी मोहिते म्हटल्यावर बिचारी ओशाळली. त्यातला एकजण मात्र म्हणाला, की नवसानं ठेवलेलं नाव आमच्यात धरत न्हाईत. मेसमध्ये दुसरी पोरं विचारतात, लेका, तू नक्की कुणाचा हायस? हसून विचारतात. रोज हसूनच विचारतात.

तेही चाललं असतं. पण पुढच्या वर्षी हॉस्टेलला जागा नाही, म्हणून मी आणि माझा रूममेट मुनव्वर खोली शोधतोय. तो कबनूरचा. त्याच्या घरी चार माग आहेत. विद्यापीठामागच्या गल्लीत एक खोली बघितली. मालकानं नावं विचारली. मुनव्वर, मौलाली. लगेच म्हणाला, पावणं, खोली कालच गेली की. आम्ही जिना उतरलो. खाली त्याची बायको भेटली, तिनं गाव विचारलं, आडनाव विचारलं. मोहिते म्हटल्यावर वरून हाक आली. मला एकट्याला. खोली परत रिकामी झाली होती. चहा आला. आत्ती, मी तो चहा प्यालो. मुनव्वर खाली गाडीपाशी उभा होता.

खोली घेतली नाही. पण त्या दिवसापासून वाटतं, नाव सरळ असतं तर हा प्रसंगच आला नसता. दोन्हीकडे उलगडा करून सांगायचा कंटाळा आलाय.

त्यातच सरांनी काम दिलंय, तुमचं नाव तुमच्यापर्यंत कसं आलं ते घरातल्या मोठ्यांना विचारून लिहा. बाबा नुसतं नवस म्हणतात. आक्काआजी तर राहिली नाही. तुला काय माहीत आहे ते लिहिशील का? अर्जाला अजून अवकाश आहे.

तुझा,
मौलाली (सध्या)


वारणानगर,
४ एप्रिल २०२५

चि. मौलाली,
आशीर्वाद.

कंसातला चावटपणा पोचला.

आधी त्या घरमालकाबद्दल. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरनी आम्हाला इंग्रजीतून सभ्य अपमान करायला शिकवलं होतं. तो त्याच्यावर वाया गेला असता. त्याला अस्सल कोल्हापुरीच लागेल, आणि ते कागदावर लिहिता येत नाही.

आता तुझं नाव. तुझ्याआधी तुझ्या आईची दोन मुलं महिन्याच्या आत गेली. तिसऱ्या वेळी मोहरमात आक्का, म्हणजे माझी आई, गावातल्या मौलाली पीराच्या पंजासमोर पदर पसरून उभी राहिली. पोर जगलं तर तुझं नाव देईन आणि बारा वर्षांचा होईपर्यंत फकीर करीन, असं बोलली. ती काही जगावेगळं करत नव्हती. आपल्या गल्लीत निम्म्या घरांतली पोरं गळ्यात नाडा घालून पाच घरं मागायची. तूही मागितलीस. माझ्याकडे तर मलिदा जास्त घाल म्हणून भांडायचास.

तू जगलास. बारशाला मी कोल्हापूरहून पाळण्याची झालर घेऊन आले आणि सगळ्यांसमोर म्हटलं, की हे नाव ठेवू नका, पोराला पुढे जड जाईल. मी दुसरं नाव सुचवलं. कुठलं, ते तुझ्या आईनं तुला सांगितलेलं दिसतंय, नाहीतर तुला नेमकं आदर्शच कसं सुचलं? आक्का म्हणाली, तुझ्या इंग्रजीनं पोर जगलं न्हाय, ज्याच्यामुळं जगलं त्याचंच नाव लागंल. बायका हसल्या. मी हरले. आणि हरलेली निवडणूक बावीस वर्षांनी मागच्या दारानं जिंकायची मला हौस नाही.

माझंही ऐक. मी जन्मानं चिमणाबाई. सिस्टरना ते जमेना, म्हणून पहिल्याच आठवड्यात मोना झाले. मला कोण आनंद! वडील मात्र शेवटपर्यंत चिमणाच म्हणायचे. मी दोन्ही हाकांना ओ दिली. पण माझ्या नावानं माझ्यासाठी कुठलं दार बंद झालं नाही हे खरं, त्यामुळे तुला उपदेश करायचा मला फारसा अधिकार नाही. तरी करते.

आदर्श मोहिते झालास तर चहा पुन्हा मिळेल. वरून हाकसुद्धा मारावी लागणार नाही. मुनव्वर मात्र गाडीपाशीच राहील, आणि या वेळी तुला ते कळणारही नाही. हा माझा मुद्दा. आणि एक प्रश्न. तू त्या दिवशीचं सगळं लिहिलंस. मुनव्वर काय म्हणाला, ते लिहिलं नाहीस.

माया पातळ न होऊ देणारी,
मोनाआत्या


कोल्हापूर,
३० जून २०२५

ती. आत्तीस,
सा. न. वि. वि.

परीक्षेमुळे उत्तर राहिलं. रागावू नकोस, म्हणजे अजून रागावू नकोस.

मुनव्वर त्या दिवशी काहीच म्हणाला नाही. गाडी चालू केली आणि मला हॉस्टेलला आणलं. मीच परवा विषय काढला. तो म्हणाला, चहात साखर तरी हुती का? मग कबनूरला चल म्हणाला, म्हणून काल गेलो.

दारातून आत पाय टाकला की मागांचा खडखडाट. आपोआप मोठ्यानं बोलायला लागतो माणूस. त्याचे अब्बा भले आहेत, पण ठाम. अल्ला आणि माणूस यांच्यामध्ये तिसरं कुणी नको, पंजे, नवस हे सगळं चुकीचं, असं त्यांनी मला समजावून सांगितलं. त्यात माझ्याबद्दल काही वाकडं नव्हतं. त्यांच्या घरातून आता पंजाला कुणी जात नाही. गंमत बघ, मोहरमातली गाणी मला येतात आणि मुनव्वरला एकही येत नाही.

जेवल्यावर त्याच्या आजीनं, मेहमुदा दादीनं, मला मागच्या पडवीत बोलावलं. नाव पुन्हा विचारलं. मौलाली म्हटल्यावर विचारलं, कुणी ठेवलं? आजीनं म्हटलं. कशापायी? तुझ्या पत्रातलं सगळं सांगितलं. तिनं माझा हात धरला आणि स्वतःचं सांगितलं. तिचा एक मुलगा लहानपणी आजारातून उठला होता, तेव्हापासून ती दरवर्षी पंजाला जायची. आता मुलांचं मन मोडवत नाही म्हणून जात नाही. मग तिनं पदराच्या गाठीतून ऊद आणि खडीसाखर काढली आणि माझ्या हातात ठेवली. म्हणाली, मी जाऊ शकत न्हाय बाबा, तू जा. तुझं नावच त्याचं हाय, तुला कोण अडवणार?

आत्ती, इतक्या महिन्यांत या नावामुळे कुणी मला काही दिलं नव्हतं.

अर्जाला आज जायचं होतं, गेलो नाही. शनिवारी रात्री मोहरमासाठी गावी येतोय. तू येशील का?

तुझा,
मौलाली


वारणानगर,
९ जुलै २०२५

चि. मौलाली,
आशीर्वाद.

रविवारी पंजापाशी तू मला बायकांच्या घोळक्यात शोधत होतास, ते दिसलं. मी मुद्दाम मागे उभी होते. तिथे उभं राहायला मला अजून अवघड वाटतं, आक्काइतकी माझी श्रद्धा नाही. पण मुजावरांनी ऊद घातला आणि कुणाच्या नावानं म्हणून विचारलं, तेव्हा तू मेहमुदा, कबनूर, असं खणखणीत सांगितलंस. मग त्यांनी आणणाऱ्याचं नाव विचारलं. तू एकच शब्द सांगितलास, पुढे काही जोडलं नाहीस. शेजारच्या एकीनंही मान वळवली नाही.

एसटीत चढताना म्हणालास, की अर्ज करणार नाही. बरं झालं. मी पानंच्या पानं वाद घातला आणि कबनूरच्या बाईनं मूठभर खडीसाखरेत काम केलं, याचा मला थोडा हेवा वाटतो. त्यांना माझा नमस्कार कळव. मुनव्वरच्या अब्बांपासून हे लपवायचं की सांगायचं, ते मात्र दादींवर सोड. ते त्यांचं घर आहे.

नाव राहिलं. खोली अजून मिळालेली नाही. नाव राखायचं आणि गल्ल्यांमधून तुम्हा पोरांनीच नकार ऐकत फिरायचं, हे मला मान्य नाही. येत्या रविवारी सकाळच्या एसटीनं मी येते. मुनव्वरला मोकळा ठेव. पायऱ्या मी हळू चढते, पण चढते. प्रत्येक दारात आधी तो नाव सांगेल, मग तू सांगशील. आडनाव कुणी विचारलं तर भाडेकराराच्या वेळी सांगू म्हणायचं. खोली गेली म्हणाले तर कुणाला दिली हे मी विचारीन, आणि उत्तर मिळेपर्यंत तिथेच बसेन. मी निवृत्त आहे, मला कुठे जायचं नाही. चहा आला तर तीन कप येईपर्यंत कुणी हात लावायचा नाही.

लोभ आहे, तो भेटीत मोजून घे.

तुझी,
आत्ती