फ्रेममधले दोन ठिपके

शनिवार, ८ नोव्हेंबर

उद्या सहाला फोटो काढायला समुद्रावर निघायचं. माझी दातवाली मैत्रीण आठला उगवणार — आजच लिहून ठेवते.

रविवार, ९ नोव्हेंबर

साडेसातला आली. सुधारणा आहे! पेशंट दहा मिनिटं उशिरा आला तर त्याला फाडून खाणारी डॉक्टरीण! गाडीत मागे आमच्या फोटोग्रुपमधले भूगोलाचे मास्तर, ट्रायपॉड तान्ह्या बाळासारखा मांडीवर घेऊन. "ओहोटी सव्वादहाला. समुद्र तुमच्यासाठी थांबत नसतो." दातवाली म्हणाली, "मास्तर, तो तुमच्यासाठी तरी कुठे थांबतो?"

किनाऱ्यावर पोचल्यावर तिला प्रत्येक खडकात दाढ दिसायला लागली. "ही बघ अक्कलदाढ! मुळापासून किडलीय." मी म्हटलं, सुट्टी आहे, दवाखाना बंद कर. तर म्हणे, "तू बोलूच नकोस, हाडवाले. तुझ्या फोटोत समुद्रसुद्धा फ्रॅक्चर झाल्यासारखा दिसतो." मास्तर इतके हसले की त्यांचा चष्मा वाळूत पडला.

मला मात्र हवा तो फोटो सापडला होता. काळे खडक, ओली वाळू, वाळूत उतरलेलं आभाळ. आणि बरोबर मधोमध — दोन माणसं! लांबवर, मुंगीएवढी. आरामात चाललेली. वीस मिनिटं थांबले. शेवटी तसाच एक काढला आणि ओरडले, "अहो काका, जरा बाजूला व्हा!" वाऱ्यात कितपत ऐकू गेलं देव जाणे. पण झाली बिचारी बाजूला.

घरी आले तर बाबा माझ्याआधी हजर. मित्राकडे बुद्धिबळ खेळायला गेले होते. डाव कसा झाला विचारलं. "हरलो!" हरून इतकं खूश कोणी होतं का?

मंगळवार, ११ नोव्हेंबर

आज फोटो कॉम्प्युटरवर घेतले. म्हटलं, ते दोन ठिपके पुसून टाकू. पुसायच्या आधी मोठे केले — सवय! दिवसभर हाडांच्या एक्स-रेवर बारीक भेगाच तर शोधते.

पुरुषाची पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. चपला हातात. डावा खांदा किंचित खाली.

तो खांदा मी ओळखते. दोनदा एक्स-रे काढलाय त्याचा.

बाबा!

शेजारी छत्रीवाली बाई. छत्रीमुळे चेहरा दिसत नाही. बाबा हसतायत, मान मागे टाकून. आईला जाऊन चार वर्षं झाली. या चार वर्षांत माझ्यासमोर असे एकदाही हसले नाहीत. राग नक्की कशाचा आला ते मलाच कळेना. लपवल्याचा? की हसल्याचा?

बुधवार, १२ नोव्हेंबर

"भाजी अळणी झालीय गं." मुद्दाम केली होती.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

राहवेना. जेवणाच्या सुट्टीत दातवालीकडे गेले. खुर्चीत एक गृहस्थ आ वासून. तिला मोबाइलवर फोटो दाखवला. म्हटलं, हे माझे बाबा, आणि ही कोण बया ते देव जाणे.

तिने निरखून पाहिलं. ग्लोव्ह्ज तसेच हातात.

"ही छत्री माझीय."

"म्हणजे?"

"म्हणजे... आईने नेली होती. रविवारी. भजनाला जाते म्हणाली!"

दोघींनी एकदमच दाराबाहेर पाहिलं. काउंटरवर तिची आई — तिचे वडील गेल्यापासून तीच तो सांभाळते — शांतपणे पुढच्या पेशंटचं नाव लिहून घेत होती.

"तरीच!" दातवाली कुजबुजली. "कवळी सैल झाली म्हणून तुझे बाबा चारदा येऊन गेले. कवळी ठणठणीत! म्हटलं, म्हातारा चक्रम आहे."

हसू आवरेना. खुर्चीतले गृहस्थही आ वासल्या वासल्या हसायला लागले. मग ती अचानक स्टुलावर बसली. "आईने मला का नाही सांगितलं गं? मी काय खाल्लं असतं तिला?"

माझाही तोच प्रश्न होता.

शनिवार, १५ नोव्हेंबर

दिवसभर विचार केला. चार वर्षांत मी बाबांना विचारलं काय? गोळी घेतली का. स्वेटर घातला का. दार लावलं का. कंटाळा येतो का, असं एकदाही नाही! कोणत्या तोंडाने सांगतील मला?

दुकानात जाऊन फोटो छापून आणला. ठिपके पुसले नाहीत. त्यांच्या चष्म्याच्या घराखाली ठेवलाय.

रविवार, १६ नोव्हेंबर

बाबांनी सकाळी फोटो बराच वेळ पाहिला. मग चहा केला — स्वतः! — आणि कप माझ्यापुढे ठेवत म्हणाले, "गुरुवारी अकराला विवाह नोंदणी कार्यालयात सही करायला येशील ना? आणि तुझ्या बहिणीलाही आण."

मला कुठे बहीण आहे, म्हणणार होते.

मग लक्षात आलं.