अंगठा न ओळखणारं यंत्र आणि तुमची भाची

ती. मामांना भाचीचा साष्टांग नमस्कार.

माणूस कामावर हजर असून यंत्रात गैरहजर लागला, तर त्या दिवशी तो नक्की होता कुठे? मामा, याचं उत्तर मला येत नाही. तीन महिने होत आले, अजून येत नाही. फोनवर विचारलं असतं, पण अवघड विषय निघाला की तुम्ही "बरं बरं, ठेव आता" म्हणता आणि मी ठेवते. पत्राचं तसं करता येत नाही, म्हणून पत्र.

तुमची कंबर कशी आहे? मामी सांगत होती, डॉक्टरांनी दिलेले व्यायाम तुम्ही सिग्नल लागला की बसमध्येच करता, आणि ड्रायव्हर अचानक मागे वाकलेला पाहून प्रवासी उतरून जातात. तेवढं घरी करत जा. आईबाबा मजेत आहेत. बाबांचं सध्या एका शाळेच्या प्लास्टरचं काम चालू आहे. भिंत अशी गुळगुळीत करतात की मुलांना तिच्यावर काही लिहावंसं वाटू नये, असं त्यांचं म्हणणं. (मुलं लिहितातच.)

आता मुद्दा. तो कोर्टाचा आहे, पण पत्र खाली ठेवू नका. "शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये" हे तुम्ही मला बाराखडीच्या आधी शिकवलंत. तुमचा अनुभवच तसा. एका स्कूटरने सायकलवाल्याला धडक दिली, तुम्ही भल्या माणसासारखं "मी पाहिलं" म्हणालात, आणि त्या दोन शब्दांपायी अकरा तारखा खाल्ल्यात. तेव्हापासून रस्त्यात काही घडेलसं वाटलं की तुम्ही डोळे मिटून घेता. (तुम्ही बस चालवता, हे ध्यानात घेऊन आई तुमच्या बसला हात करत नाही.) पण मामा, मी ती पायरी चढले. शहाणी होते की नाही ते पत्राच्या शेवटी तुम्हीच ठरवा.

आधी माझं काम सांगते, कारण घरात सगळ्यांना वाटतं मी कॉम्प्युटर बनवते. मी काहीच बनवत नाही. दुसऱ्यांनी बनवलेल्या गोष्टींतल्या चुका शोधते आणि लिहून ठेवते: काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. प्रत्येक चुकीला नंबर. आईला हे समजावलं तेव्हा ती म्हणाली, हे तर तुझी आत्या गेली वीस वर्षं फुकट करते आहे. आमची कंपनी हजेरीची यंत्रं बनवते. अंगठा ठेवला की हिरवा दिवा लागतो आणि माणूस हजर होतो. दोन वर्षांपूर्वी एक यंत्र तपासायला घरी आणलं होतं. घरातल्या सगळ्यांचे अंगठे त्याने ओळखले, बाबांचा मात्र ओळखेना. तीस वर्षं सिमेंट कालवून त्यांच्या अंगठ्यावरच्या रेषाच गेल्या आहेत. बाबांना वाटलं चूक त्यांचीच. तीनदा हात धुऊन आले, नवीन टॉवेलला पुसले, आणि यंत्रासमोर असे उभे राहिले जशी मी दहावीच्या निकालाला उभी होते. यंत्र म्हणालं, पुन्हा प्रयत्न करा. मी दुसऱ्या दिवशी नोंद केली. क्रमांक अकराशे त्र्याहत्तर, "झिजलेला अंगठा ओळखत नाही." आमच्या साहेबांनी (सगळे त्यांना 'चालेलसाहेब' म्हणतात, कारण कुठल्याही चुकीवर त्यांचा एकच शेरा असतो) पुढे लिहिलं: दुर्मीळ. चालेल.

आता हे दुर्मीळ प्रकरण निघालं एका धुलाईघरात. तिथे एक बाई एकोणीस वर्षं कपडे धुते. साबणसोड्याने तिचाही अंगठा कोरा. यंत्राने तिला दोन महिन्यांत एक्केचाळीस दिवस गैरहजर धरलं आणि मालकाने कामावरून काढलं. ती कोर्टात गेली. मालकाने यंत्राची यादी पुढे केली. यादी खरी आहे हे सांगायला कंपनीतून कोणीतरी हवं होतं, आणि तारीख सोमवारची, त्या दिवशी यंत्रं पाठवायची घाई असते, म्हणून जिच्यावाचून अडत नाही ती मी गेले. मालकाच्या वकिलांनी जिन्यातच पढवलं, "हे बघा ताई, मी एकच प्रश्न विचारणार. यंत्र बरोबर चालतं ना? तुम्ही 'हो' म्हणायचं आणि घरी जायचं."

मी आधी चुकीच्या खोलीत जाऊन बसले. तिथे दोन भावांचा एका जिन्यावरून वाद चालला होता. थोरला म्हणे जिना माझा, धाकटा म्हणे मग मी वर उडत जाऊ का. मामा, तास कसा गेला कळलं नाही. दोघं घरी एकमेकांच्या झिंज्या धरत असतील, पण इथे एक बोलत असताना दुसरा गप्प. हे मी आमच्या ऑफिसात एकाही मीटिंगला पाहिलेलं नाही. शिपायाने येऊन हळूच विचारलं, "तुम्ही कोणाकडून?" मी म्हणाले, मला दोघांचंही पटतंय. त्याने मला हाताला धरून शेजारच्या खोलीत नेलं.

तिथे शपथ झाली. न्यायाधीश एक बारीकशा बाई होत्या. सर्दी झालेली, रुमाल हातात, पण नजर अशी की मी न केलेले गुन्हेही आठवून पाहिले. वकिलांनी ठरलेला प्रश्न विचारला: यंत्र बरोबर चालतं ना? आता मामा, कोणीही 'हो' म्हणालं असतं. पण मला सहा वर्षांत ते वाक्य कधी उच्चारता आलेलं नाही. आमच्या कामात 'बरोबर चालतं' असं कोणी म्हणालं तर त्याला नवखा समजतात. मी सवयीने विचारलं, कुठल्या परिस्थितीत? वकील म्हणाले, नेहमीच्या. मी म्हणाले, नेहमीच्या परिस्थितीत दोनशे चौदा माहीत असलेल्या चुका आहेत, क्रमाने सांगू की महत्त्वाप्रमाणे?

वकील म्हणाले, साक्षीदार दमलेत. मी म्हणाले, नाही, मी आत्ताच आलेय. मग न्यायाधीशबाईंनी रुमाल खाली ठेवला आणि म्हणाल्या, "अंगठ्याबद्दलची काही आहे?" मी अकराशे त्र्याहत्तर तोंडपाठ म्हणून दाखवली. धुलाईघरातून पुराव्याला आणलेलं यंत्र टेबलावरच होतं. त्यांनी धुलाईवाल्या बाईंना पुढे बोलावलं. बाईंनी अंगठा ठेवला. पुन्हा प्रयत्न करा. पुन्हा ठेवला. पुन्हा प्रयत्न करा. चौथ्या वेळी त्या यंत्राकडे वाकून हळूच म्हणाल्या, "अगं बाई, मीच आहे." कोणी हसलं नाही. मी तर खाली बघत होते.

यापुढे जे झालं त्यासाठी हे पत्र. मी बोललेलं प्रत्येक वाक्य न्यायाधीशबाईंनी सावकाश परत म्हटलं, टाइप करणाऱ्याने टाइप केलं, आणि तो कागद माझ्यापुढे आला. वाचा, तुम्ही म्हणालात तसंच असेल तर सही करा. मामा, मी सहा वर्षांत सतराशेवर नोंदी लिहिल्या. त्या कोणी वाचतं की नाही हे पाहायला एकदा मी एका नोंदीच्या मध्येच "हे वाचणाऱ्याला माझ्याकडून चहा" असं लिहिलं होतं. चहा अजून शिल्लक आहे. आणि इथे एक पूर्ण खोली, त्यात एक सर्दी झालेली न्यायाधीश, माझं वाक्य नीट पकडण्यासाठी थांबली होती. (मी सही केली, आणि सवयीने एक स्वल्पविरामही दुरुस्त केला. त्याबद्दल बोलणी खाल्ली.)

पुढच्या तारखेला मालकाने बाईंना कामावर परत घेतल्याचा कागद दिला. हजेरी आता वहीत होते. चालेलसाहेबांनी मला बोलावून विचारलं, "तुला खरं सांगायला कोणी सांगितलं होतं?" मी म्हणाले, न्यायाधीशांनी. ते म्हणाले, "ते सगळ्यांनाच सांगतात गं." त्यांनी अकराशे त्र्याहत्तरवरचा 'दुर्मीळ' खोडला आणि नवा शेरा लिहिला: अवघड. पाहू.

पण माझ्या डोक्यात बसलं ते वेगळंच. बाईंच्या वकीलबाई व्हरांड्यात मला म्हणाल्या, बाई म्हणत होत्या अंगठा लागत नाही, पण चूक यंत्राची असेल हे मला सुचलंच नव्हतं. आमच्या नशिबाने तो प्रश्न त्यांच्याच वकिलाने विचारला. नशिबाने, मामा. म्हणजे त्या वकिलांनी तो प्रश्नच विचारला नसता, किंवा माझ्याऐवजी दुसरं कोणी गेलं असतं, तर बाई घरी बसल्या असत्या आणि यंत्र खरं ठरलं असतं. यंत्राला काय विचारायचं हे ज्याला कळतं त्याला त्या खोलीत उभं राहता येत नाही, आणि जो उभा राहतो त्याला यंत्र कळत नाही. मला दोन्ही यायला हवं, असं वाटू लागलं आहे. तीन वर्षं कायदा शिकावा म्हणते.

दुसऱ्या पारड्यात बाबा आहेत. घरात पहिली पदवी माझी. बाबा ज्या ज्या भिंतीला प्लास्टर करतात त्या घरमालकाला पहिल्या थापीबरोबर सांगतात की पोरगी कॉम्प्युटरवर आहे. आता ती पुन्हा दप्तर घेऊन कॉलेजला जाते हे ते कसं सांगतील? त्यांच्यापुढे हा विषय काढायची मला कोर्टातल्या साक्षीपेक्षा जास्त भीती वाटते. तुम्ही वडीलधारे. तुम्ही म्हणाल तसं करीन. नीट विचार करून कळवा, घाई नाही.

मामीला नमस्कार.

तुमची भाची

ता. क. घाई थोडी आहे. या रविवारी तुम्ही घरी येऊन बाबांशी बोलाल का? ते तुमचं ऐकतात. जेवणानंतर बोला, आणि तुमच्या अकरा तारखांचा विषय काढू नका.

ता. क. २. अकराशे त्र्याहत्तर ही नोंद बाबांच्या अंगठ्यावरून झाली, हे त्यांना मी अजून सांगितलेलं नाही. ते तुम्ही सांगितलंत तर बरं. एका बाईची नोकरी त्यांच्यामुळे परत मिळाली आणि ते मात्र अजून समजतात की हात नीट धुतले नव्हते.

ता. क. ३. राजीनामा मागच्या महिनाअखेरीस दिला. सकाळी सात ते दहा कॉलेज असतं (घरात समजतात ऑफिसला जाते), दुपारी त्याच वकीलबाईंकडे कागद लावते. हे पत्र शेवटच्या बाकावर बसून लिहिते आहे. आज सर शिकवत होते की दुसऱ्याच्या नावाने कोणी न विचारता काही करून बसलं, तरी ज्याच्या नावाने केलं त्याने मागाहून होकार दिला तर चालतं. तो होकार पहिल्यापासूनच होता असं धरतात. मी हात वर करून विचारलं, मामांचा होकार चालेल का. सर म्हणाले, वडिलांचाच लागेल, पण मामांना आधी पाठवा.