माझ्या आतला बुवा

३ ऑगस्ट, रविवार
आजपासून मी झांजवाला नंदू नाही. नंदकुमारबुवा! बोरिवलीच्या व्याख्यानात (फुकट, चहासकट) त्या बाई म्हणाल्या, माणूस स्वतःला जसा बघतो तसाच होतो. भजनी मंडळात मी इतकी वर्षं स्वतःला झांज वाजवतानाच बघितलं, म्हणून तो राजेश बुवा झाला. आवाजाचा प्रश्नच नाही.

५ ऑगस्ट
आरशासमोर बुवा होऊन बसलो. कुर्ता, उपरणं, एक हात वर, डोळे मिटलेले. गायलो नाही. आधी प्रतिमा पक्की व्हायला हवी. बायकोने, सुगंधाने, विचारलं, दाढ दुखतेय का.

९ ऑगस्ट, शनिवार
दहिसरला भजन. राजेशने गजर चढवला आणि अख्खा हॉल डोलायला लागला. शेवंतीमावशींनी त्याची दृष्टसुद्धा काढली. आमची ही जरा जास्तच टाळ्या पिटत होती. घरी आल्यावर विचारलं. म्हणाली, राजेशभावजींचा गळा गोड आहे हो. लग्नाला एवढी वर्षं झाली, माझं काहीही हिला गोड लागलेलं नाही. रागाने जेवलोच नाही. दोन आंबोळ्या खाल्ल्या फक्त.

१४ ऑगस्ट
पहाटे रियाज ठरला होता. घसा जपायचा म्हणून केला नाही.

२६ ऑगस्ट
राजेशचा घसा बसला! फार वाईट वाटलं. पेढे आणले (गणपतीसाठी). त्यानेच घोगऱ्या आवाजात फोन केला, उद्या सोसायटीच्या गणपतीसमोर तूच म्हण, माझो घसो गेलोहा. बाईंची थिअरी झकास आहे.

२७ ऑगस्ट, गणेश चतुर्थी, संध्याकाळी
कुर्त्याला इस्त्री झाली. झांज राजेशच्या हातात दिली. म्हटलं, घे, बसल्या बसल्या वाजव. त्यालाही जरा कळू दे.

२८ ऑगस्ट
पेटीवाल्या अनंतला राजेशपेक्षा वरची पट्टी द्यायला सांगितली होती. पहिल्याच ओळीत आवाज फाटला. दुसऱ्या ओळीत तो निघालाच नाही. मी हात वर ठेवून डोळे मिटून बसलो. मंडळींनी अभंग कोरसमध्ये उरकला.

तेही चाललं असतं. पण राजेशने झांज अशी काही वाजवली की पोरं मोबाइल घेऊन त्याच्याभोवती बसली. शेवंतीमावशी म्हणाल्या, झांजेत एवढा गोडवा असतो हे आजच कळलं. सुगंधाने मान डोलावली. मी बघितलं.

अनंतचा मेसेज आलाय. शनिवारी अंधेरीला भजन आहे. घसा बरा झाला तर राजेश गाईल, नाहीतर अनंतच गाईल आणि झांज राजेशकडे. मग मी आलो नाही तरी चालेल.

आत्ताच हळद घातलेलं दूध थर्मासमध्ये भरून राजेशच्या घरी देऊन आलो. येताना गणपतीसमोर थांबून कळकळीने सांगितलं, देवा, त्याचा घसा शनिवारच्या आत बरा कर.