उतारावरची इर्जिक

माहूर, वैशाखातला रविवार

तीर्थरूप शेषेरावदादांच्या चरणी,

धाकट्या लक्ष्मणाचा साष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, म्हणून तूर्त कागदावरच). आपला गुडघा कसा आहे? वहिनींची नांदेडच्या गच्चीवरची दोडक्याची वेल एव्हाना शेजाऱ्यांच्या खिडकीतून आत शिरली असेल. इकडे सर्व क्षेम. आमची सौ. सत्यशीला दोन दिवस माझ्याशी बोलत नाही, त्यामुळे घरात ऋषींच्या आश्रमासारखी शांतता आहे.

आपला विक्रीचा कागद पोचला. डोंगरातला आपला मुरमाड उतार खालच्या अमृतरावांना देऊन टाकावा, फक्त माझी सही हवी, हे वाचले. म्हणणे बिनतोड आहे. दर पावसाळ्यात आपली माती वाहून त्यांच्याच शेतात जाते. परवा तेच म्हणाले, "मास्तर, माती तर येऊनच राहिली, आता कागद तेवढा येऊ द्या."

सही करणारच होतो. पण शाळेचे ग्रंथालय आवरताना इंका लोकांवरचे एक पुस्तक हाती लागले आणि माझी बुद्धी पेरू देशात गेली, ती अजून परतलेली नाही. दादा, त्यांचे डोंगर आपल्या माहूरच्या डोंगरांना मांडीवर घेतील एवढे; तरी त्या पठ्ठ्यांनी उतारालाच पायऱ्या पाडल्या. तळाशी धोंडे, त्यावर खडी, वाळू, मग माती. भिंत डोंगराकडे किंचित रेललेली, दुपारी जेवून लोडाला टेकावे तशी. दिवसभर तापलेला दगड रात्री पिकाला ऊब देई. वर बटाटा, खाली मका. (लिपी नव्हती, त्यामुळे धाकट्या भावांची पत्रेही त्यांना वाचावी लागली नाहीत.) आणि ही सगळी कामे इर्जिकीने! आज सारे माझ्या बांधावर, उद्या मी त्यांच्या, वर जेवण. हे वाचले आणि मला वाटले, हे तर आपलेच सोयरे.

मी चौदा घरी सांगून आलो. शुक्रवारी सकाळी कुदळी, टोपल्या घेऊन माणसे उतारावर हजर. आता, इर्जिकीचे जेवण काम उरकल्यावर असते हे आपण जाणता. मी जन्मभर विभक्ती शिकवल्या. दारी आलेल्याला आधी पान मांडावे, एवढेच मला ठाऊक. सत्यशीला 'नंतर, नंतर' म्हणत असताना मी पुरणपोळ्या, तूप, कटाची आमटी असा यथासांग आग्रह केला. मग मोहाच्या सावलीत कोणी टोपी तोंडावर घेतली, कोणी टोपली उशाला. अर्ध्या घटकेत चौदा घरे घोरत होती. त्यांना उठवायला मी गेलो, आणि शेजारी टेकलो.

दादा, काय दिसले सांगू? आपला उतार आभाळापर्यंत पायऱ्या पायऱ्यांचा झाला होता. पुस्तकातले ते पुरुष रांगेने पायाने दाबायचे नांगर रोवत मागे मागे सरकत होते, समोर बायका ढेकळे फोडत होत्या, आणि सारे संथ काहीतरी गात होते. मी भिंतीवर तळवा ठेवला. ती भाकरीसारखी कोमट होती. माती जागची हलत नव्हती. तिला कुठे जायचेच नव्हते.

जाग आली तेव्हा सूर्य कललेला. सगळ्यांना हलवून उठवले आणि कामाला लावले. शेजारच्या भामाबाई हातभर भिंतीवर बसून (तेवढीच झाली, तीही वाकडी) मला म्हणाल्या, "आधी पुरण चारलं अन् आता धोंडे उचला म्हणून राहिले? मास्तर, दगडाला गाणं लागते. तुमचे दादा भलरी धरायचे, तवा धोंडे आपसूक हालायचे."

हाव, खरं आहे, म्हणालो मी.

असो. आपला शब्द मला आज्ञा आहे. कागदावर सही केली असून तो सोबत जोडला आहे. वहिनींना नमस्कार.

आपला आज्ञाधारक,
लक्ष्मण

ता.क. येत्या रविवारी पुन्हा इर्जिक आहे. जेवण शेवटी. आपण भलरी धरणार असे चौदा घरी सांगून बसलो आहे. बसायला सावली आहे, राबायचे फक्त गळ्याने. गाऊन झाल्यावरही उतार द्यावासा वाटला, तर मी खुशाल अमृतरावांना पेढे नेऊन देईन.

आणखी ता.क. पाकीट चिकटवताना सत्यशीलेने कागद काढून घेतला. दोन दिवसांतले तिचे पहिले वाक्य असे: "दादांना पाहिजे असंल तर उतारावर येऊन माझ्या हातून न्यावा म्हणा." तेव्हा 'सोबत जोडला आहे' हे खोटे समजावे. बाकी पत्र खरे आहे.