दुसऱ्या मोटरसायकलवरचा माणूस

२ फेब्रुवारी, सकाळ

आजपासून रोजनिशी. मोठ्या टूरवर जाणाऱ्या माणसाने लिहून ठेवलेलं बरं. कुणाला दाखवायची मात्र नाही.

निर्णय पक्का. एप्रिलमध्ये मी आणि पार्टनर एका बेटावर मोटरसायकल टूर करणार. अकरा दिवस, दोन मोटरसायकली, समुद्राच्या कडेने निघून डोंगरातून परत. तिथे म्हणे सकाळी ऊन भाजून काढतं आणि दुपारी पाऊस धुऊन काढतो. पार्टनर म्हणजे इथला, परदेशातला माझा रूममेट, वेल्डर आहे. कल्पना त्याची असली तरी नियोजन माझं, म्हणून कॅप्टन मी. त्याला तसं सांगितलं. तो म्हणाला, बरं.

मला मोटरसायकल येत नाही ही किरकोळ गोष्ट आहे. मी एअरपोर्टवर बॅगा चढवतो, तिथला बॅगांच्या गाड्या ओढणारा ट्रॅक्टर मी चालवलेला आहे. एकदा, शेडपासून नळापर्यंत. चार चाकं सांभाळणाऱ्याला दोन म्हणजे निम्मं काम.

५ फेब्रुवारी

सुपरवायझरकडे रजेचा अर्ज दिला. त्याला आम्ही शिट्टी म्हणतो, कारण तो बोलायच्या आधी वाजवतो. तीन वर्षांत पहिलीच रजा. पंधरा दिवस. शिट्टीने विचारलं, घरी चाललास ना? म्हटलं, नाही, टूरवर. तो वाजवायचं विसरला.

घरी काय, कधीही जाता येतं.

८ फेब्रुवारी

घरी फोन. आईला सांगितलं, ती म्हणाली, हेल्मेट घाल. मग बाबा आले. बाबा रिटायर्ड लाइनमन. एकतीस वर्षं मोटरसायकलवर शिडी बांधून खांबाखांबाने फिरलेले, त्यामुळे त्यांना वाटतं मोटरसायकल त्यांनीच शोधली. चेन कोण बघणार? पंक्चर काढता येतं का? कितीची गाडी आहे? म्हटलं, बाबा, ते पार्टनर बघतो, मी वरच्या लेव्हलचं बघतो.

मग म्हणाले, म्हणजे यंदा इकडे नाही.

म्हटलं, तुम्हालाच इकडे बोलावतो. हे मी दोन वर्षांपूर्वीही म्हणालो होतो, त्यांना पासपोर्टसुद्धा काढायला लावला होता. म्हणालो आहे म्हणजे बोलावणारच. रूम जरा नीट होऊ दे.

१६ फेब्रुवारी

सामानाची यादी पूर्ण. चार पानं. ठळक वस्तू: रेनकोट दोन (एक भिजला तर दुसरा), छत्री (थांबल्यावर), मच्छरदाणी, टॉर्च तीन, दोरी, छोटी इस्त्री, बूट तीन जोड, पार्टनरला बोलवायला शिट्टी (मी पुढे असेन, त्याला हाक ऐकू येणार नाही).

ड्युटी संपल्यावर बॅग एअरपोर्टच्या काट्यावर ठेवली. अडतीस किलो. प्रोफेशनल पॅकिंग. आमच्या धंद्याचा पहिला नियम: बॅग फेकली जाणारच असं धरून भरायची. म्हणून टणक वस्तू बाहेरून, मऊ आतून.

बाबांना सांगितलं. म्हणाले, अर्धं काढ. काढलंस की उरलेल्यातलं अर्धं काढ. जड खाली, दोन्ही बाजूंना सारखं. रोज माझ्या हाताखालून हजार बॅगा जातात. तारा जोडणाऱ्याने मला पॅकिंग शिकवावं?

त्यांचे प्रश्न संपेनात, म्हणून फोन पार्टनरच्या हातात दिला आणि आंघोळीला गेलो. बाहेर आलो तरी दोघांचं चालूच. विषय: चेनला तेल.

२० फेब्रुवारी

सराव सुरू. प्लास्टिकची खुर्ची उलटी धरून बसलो, मागे बॅग बांधली. वळणावर अंग कसं झुकवायचं ते अर्धा तास केलं. डावं वळण उत्तम जमतं. उजव्या वळणाला खुर्चीचा पाय मोडला. खुर्ची जुनी होती.

पार्टनरने चोरून व्हिडिओ काढला. इथवर ठीक. पण तो बाबांना पाठवला! बाबांचा निरोप आला: खुर्ची छान पळवतोस, ॲव्हरेज काय देते?

विश्वासघाताची ही सुरुवात असं लिहून ठेवतो.

१ मार्च

लायसन्सची टेस्ट, पहिली. चष्मेवाली बाई परीक्षक. शंकूंच्या मधून आठचा आकडा काढायचा. बाईने हात खाली केला आणि गाडी बंद पडली. परीक्षा सुरू व्हायच्या आधीच बंद पडली, तेव्हा याला नापास म्हणता येणार नाही. बाईने मात्र म्हटलं.

११ मार्च

दुसरी टेस्ट. आठचा आकडा निघाला. पण एक शंकू पुढच्या चाकापाशी अडकला आणि शेवटपर्यंत सोबत आला. बाईला मी समजावलं की शंकू पडला नाही, फक्त जागा बदलली. पार्टनर कुंपणाबाहेरून ओरडला, नाचता येईना अंगण वाकडं! पण अंगण खरंच वाकडं आहे. त्या मैदानाला उतार आहे. मी बसून पाहिलं, पाण्याची बाटली घरंगळते.

संकल्प: रोज पहाटे पार्टनरच्या गाडीवर एक तास सराव.

१२ मार्च

आज सुट्टी घेतली. अंग दुखतंय.

१९ मार्च

सराव उद्यापासून. आज बॅगेत गॉगल वाढवला.

२४ मार्च

तिसरी टेस्ट. सगळं जमलं. आठचा आकडा, शंकू जागच्या जागी. बाईने थांब म्हणून हात केला, मी थांबलो, आणि थांबल्यावर पडलो. परीक्षा चालवण्याची होती, थांबण्याची नव्हती. हे मी आडवा असतानाच बाईला सांगितलं. बाई म्हणाली, आता सहा महिन्यांनी या.

बेटावर भाड्याने गाडी देणारा लायसन्स पाहिल्याशिवाय चावी देत नाही. पार्टनरने हे मला पहिल्या दिवशीच सांगितलं होतं असं तो म्हणतो. सांगितलं असेल, पण ठासून सांगितलं नाही.

२६ मार्च

पार्टनर म्हणाला, जाऊ दे, माझ्या मागे बस, बॅग तेवढी हलकी कर. मी मागे? चार पानी यादी कुणाची? नकाशावर लाल पेनने रस्ता कुणी काढला? कॅप्टनला मागे बसवतात का? स्पष्ट नकार दिला. आता माझ्याशिवाय टूर होणारच नाही. माझ्या अटींवर येईल झक मारत. वाट पाहायची, एवढंच.

३० मार्च

पार्टनर अजून आला नाही अटींवर. उलट खुशीत आहे. बाथरूममध्ये गुणगुणतो. फोनवर कुणाशी तरी बोलताना मी आलो की आवाज खाली जातो. दोनदा ‘काका’ असा शब्द ऐकला. त्याला काका नाहीत.

२ एप्रिल, दुपार

आज टेबलावर बुकिंगचा कागद सापडला. पहिली मोटरसायकल पार्टनरच्या नावावर. दुसऱ्या मोटरसायकलवर माझं आडनाव! डोळ्यांत पाणी आलं. वाटलं, पठ्ठ्याने काहीतरी खटपट करून जमवलं शेवटी.

मग आडनावाच्या आधीचं नाव वाचलं.

बाबांचं आहे.

२ एप्रिल, संध्याकाळ

आपलेच दात, आपलेच ओठ. ज्याला घासातला घास दिला त्याने, आणि ज्याने मला घास भरवला त्यानेही. पार्टनर म्हणतो, गाडी रिकामी जात होती, काका सहज बोलले की त्या वयात मलाही असं जायचं होतं, मी म्हटलं, मग आता चला. पासपोर्ट तयार होताच. तो कुणी काढला? मी! साप पोसला. निळ्या रंगाचा, शिक्का मारलेला.

आईला फोन केला. निदान ती तरी माझ्या बाजूने. ती म्हणाली, जाऊ दे रे त्यांना, तूच म्हणायचास ना बाबांना फिरवायचंय म्हणून. आणि मला पंधरा दिवस घर मोकळं मिळतंय.

घर फिरलं की वासे फिरतात. माझे वासे तर आधीच फिरले होते.

३ एप्रिल

बाबांचा फोन. तीनदा. उचलला नाही.

४ एप्रिल

पार्टनर म्हणाला, मागची सीट अजून मोकळी आहे, काकाही म्हणतायत त्याला घेऊन ये. म्हणजे मी बापाच्या किंवा मित्राच्या पाठीला चिकटून, त्यांच्या आरशात बघत? स्वाभिमान नावाची चीज असते. शिट्टीकडे गेलो आणि मंजूर झालेली रजा परत केली. तो म्हणाला, विचार कर, पुढची दीड वर्षाने. म्हटलं, केला. कागद त्याच्या टेबलावर ठेवताना किती शांत वाटलं म्हणून सांगू.

११ एप्रिल

पार्टनर गेला. माझी बॅगही घेऊन गेला, म्हणजे मीच दिली. म्हटलं, ओझ्याने तुझी अक्कल ठिकाणावर येईल. त्याने माझ्यासमोर उघडून अर्ध्यापेक्षा जास्त सामान पलंगावर काढून ठेवलं. बाबांनी फोनवर पाठवलेल्या यादीत बघून. उरलं अकरा किलो. बाबा घरून परस्पर तिकडे जाणार, बेटावर भेटणार.

रूममध्ये मी, इस्त्री, छत्री आणि बुटांचे तीन जोड.

१५ एप्रिल

फोटो आला. धबधबा, दोन मोटरसायकली, बाबा माझ्या रेनकोटात. त्यांना तो माझ्यापेक्षा चांगला बसतो. फोटो पाहिला नाही असं ठरवलं. आठ वेळा पाहिला.

१९ एप्रिल

पार्टनरचा निरोप: काका घाटात माझ्या पुढे असतात. काल माझी चेन निसटली, त्यांनी दहा मिनिटांत चढवली, तिथल्या मेकॅनिकने त्यांना चहा पाजला. आणखी एक. परतीचं तिकीट काकांनी तुझ्या एअरपोर्टवरून घेतलंय. सरळ गेले तर सात तास वाचतात, तरी. तेवीसला दुपारी चार तास थांबतील.

समजलं. मला चिडवायला येतायत. जखमेवर मीठ, तेही समुद्रावरून आणलेलं.

२२ एप्रिल

बाबांसमोर काय बोलायचं ते लिहून पाठ केलं. सुरुवात: बाबा, मला तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. नंतर तीन मुद्दे. शेवटी मी उठून निघून जाणार, मागे न बघता. शिट्टीकडे अर्धा दिवस मागितला. त्याने वाजवून सांगितलं, पंधरा दिवस देत होतो तेव्हा नको होते. जेवणाचा अर्धा तास आहे, तो तुझा.

अर्धा तास भरपूर. भाषण सहा मिनिटांचं आहे.

२३ एप्रिल

ब्रेक झाल्याझाल्या पळालो. प्रवासी थांबतात तिथे आत जायला स्टाफच्या तपासणीतून जावं लागतं, तिथे रांग. बेल्ट काढा, बूट काढा. बूट परत घालताना सोळा मिनिटं गेलेली.

पार्टनर दारापाशीच भेटला, काळा ठिक्कर पडलेला. त्याने बोटाने दाखवलं. म्हणाला, दीड तास सारखे दाराकडे बघत होते, आत्ता डोळा लागलाय. आणि म्हणाला, एक सांगू, त्यांना टूरचं एवढं नव्हतं रे. तू दोन वर्षं बोलावतो बोलावतो म्हणालास, तिकडून येताना वाटेत तू लागतोस का, एवढंच त्यांनी मी चला म्हटल्यावर विचारलं होतं.

हे कारण मला पटलेलं नाही. पटलेलं नाही असं लिहून ठेवतो.

बाबा कोपऱ्यातल्या खुर्चीवर, तोंड उघडं, मान एका बाजूला. नाकाची सालं निघालेली. केस पांढरे झालेत सगळे. हे फोनवर कळलं नव्हतं. शेजारच्या खुर्चीवर त्यांची पिशवी होती, कुणी बसू नये म्हणून पट्टा हातात गुंडाळलेला. पिशवी मांडीवर घेतली आणि बसलो. उठवलं नाही. भाषणाचा पहिला मुद्दा कोणता ते आठवेना.

नऊ मिनिटं तसाच बसलो.

मग त्यांनी डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं, मग माझ्या युनिफॉर्मकडे. म्हणाले, कधी आलास?

म्हटलं, आत्ताच.

म्हणाले, मग घाई नाही ना? बस जरा. सगळं सांगतो.

म्हटलं, घाई नाही.

माझी पाच मिनिटं उरली होती. ते पहिल्या दिवसापासून सांगू लागले.